याला थांबवतं कोण? मराठवाड्याच्या शिवारातली परिसंस्था

प्रश्न केज तालुक्यातल्या बी.एस्सी.ला शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. ती लिहिते, "काका, परिसंस्था, अन्नसाखळी, मर्यादक घटक, धारणक्षमता या सगळ्याच्या व्याख्या पाठ झाल्या. पण उदाहरणं समुद्राची, बर्फाची, नाहीतर वाघाच्या जंगलाची. आमच्याकडं जंगल नाही, नदी आठ महिने कोरडी. मग आमच्या रानात कसली परिसंस्था? आणि आमचे आप्पा विचारतात, एवढं शिकतेस तर गोगलगायी का वाढल्या ते सांग."

आप्पांचा प्रश्न आधी घेतो. तो नीट सोडवला तर तुझ्या निम्म्या व्याख्या त्यातच उलगडतात.

बालाघाटाच्या वर आणि खाली, धारूर, केज, पाटोदा, अंबाजोगाई या पट्ट्यात माझी बत्तीस वर्षं पीकसंरक्षणाच्या आणि पाणलोटाच्या कामात गेली. एखादी कीड उसळली की गावकरी पहिल्यांदा विचारतात, "ही कशामुळं वाढली?" सुरुवातीला मीही तेच विचारायचो आणि उत्तर चुकायचं. पुढं मी प्रश्न फिरवला: एरवी हिला थांबवत कोण होतं? कारण वाढणं हा प्रत्येक जिवाचा स्वभावच आहे. मोकळं सोडलं तर कुठलाही जीव शिवार भरून टाकील. तो भरून टाकत नाही, कारण काहीतरी त्याला अडवून धरतं. कधी ऊन, कधी ओल, कधी शत्रू, कधी खाण्याचा तुटवडा. ते अडवणारं ओळखणं हेच परिस्थितिकीचं निम्मं काम.

आता गोगलगाय. मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि हळूहळू देशात पसरली. एकाच अंगात नर आणि मादी, त्यामुळं जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात, तीही एका वेळी शंभराहून जास्त. असा जीव आपल्याकडं इतकी वर्षं गप्प कसा बसला? त्याला थांबवत होता आपला कोरडेपणा. तिचं अंग उघडं आणि ओलसर, चालायला चिकट स्राव लागतो आणि तो करायला पाणी लागतं. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून मातीत नाहीतर दगडाखाली पडून राहते. उन्हाळा कडक निघाला, किंवा पावसाळ्यात मधेच पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, की त्यातली लहान पिल्लं मोठ्या संख्येनं मरतात. ज्या खंडाला आपण शिव्या देतो, तोच गोगलगायीच्या गळ्यातलं लोढणं होता.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वेळी मी जे पाहिलं त्यावरून माझं मत असं: आधीची दोन-तीन वर्षं पाऊस बरा होता, म्हणून मरणाऱ्यांपेक्षा तगणाऱ्या जास्त राहिल्या. उसाच्या आणि ठिबकच्या रानांनी त्यांना भर उन्हाळ्यातही ओलसर आसरा दिला. आणि ऐन जुलैत, सोयाबीन दोन पानांवर असताना, आभाळ दिवसचे दिवस उघडलंच नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वर्षी आल्या असत्या तर एवढं झालं नसतं. एकत्र आल्या आणि लोढणं सुटलं.

पुस्तकात याला मर्यादक घटक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पिकांच्या बाबतीत ही कल्पना लोकांपुढं मांडली: दहा गोष्टी भरपूर असल्या तरी वाढ ठरते ती सगळ्यात कमी असलेल्या गोष्टीवर. आपल्या रब्बी ज्वारीत हे स्वच्छ दिसतं. एकाच शिवारात, एकाच दिवशी, तीच मालदांडी पेरलेली असते. कंबरभर खोल काळ्या रानात ती मुरलेल्या ओलीवर थंडीतून कणसापर्यंत जाते, आणि पलीकडच्या बरडावर गुडघ्याला लागते न लागते तोच पिवळी पडते. ऊन, वारा, बियाणं सगळं सारखं. फरक मातीच्या खोलीचा, म्हणजे साठलेल्या ओलीचा. बरडावर युरियाचं पोतं रिकामं केलं तरी उपयोग नाही, कारण तिथं अडलंय ते पाण्यापाशी.

गोगलगायीचं पुढचंही सांगून टाकतो. तिला खाणारे आपल्याकडं आहेत. काजव्याची अळी गोगलगायीवरच जगते, भारद्वाजही तिला सोडत नाही. पण भारद्वाज राहतो बांधावरच्या झुडपात, आणि दिवसा गोगलगायही त्याच झुडपाखाली दडते. मग झुडूप ठेवायचं की तोडायचं? मी सांगेन, ठेवा, पण त्याच्या बुडाशी साचलेला ओला पालापाचोळा, प्लास्टिक आणि दगडांचे ढीग काढा. पहिल्या पावसानंतर, अंडी घालण्याच्या आत, गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं संध्याकाळी बांधालगत अंथरा आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा. उघड्या हातानं नको, तिच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. विषारी गोळ्या अगदी शेवटी, आणि त्याही कुत्र्या-कोंबड्यांपासून लांब. एका आठवड्यात सगळ्या गावानं मिळून वेचलं तर फरक पडतो. एकट्यानं केलं तर शेजारच्या रानातून पुन्हा येतात.

दुसरं उदाहरण कपाशीचं, आणि यात चूक आपली आहे. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. पूर्वी कोरडवाहू कापूस डिसेंबर-जानेवारीत संपायचा, पळाट्या उपटून सरपणाला जायच्या, जनावरं रानात सुटायची. पुढं जूनपर्यंत शिवारात ना फूल ना बोंड. त्या मधल्या काळात जमिनीतून, सरकीतून निघालेले पतंग अंडी घालायला जागा न मिळाल्यानं मरायचे. म्हणजे या अळीला थांबवणारी गोष्ट होती रिकामं रान. मग पाणी आलं. कुणी फरदड घेऊन मार्चपर्यंत कापूस उभा ठेवला, कुणी मे महिन्यातच लागवड केली. रिकामा काळ दोन्ही टोकांनी कुरतडला गेला.

त्याच्या जोडीला बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणारी कपाशी. २००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली, २००६ ला दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीला अळ्या मरत होत्या, सगळे खूश. पण लाखोंच्या झुंडीत दोन-चार अळ्या अशा असतातच ज्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की रान त्यांनाच मोकळं. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती कडेनं लावली तर साध्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग त्या टणक पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघते. ती पुडी आपण बांधावर फेकून दिली. 'अळ्या पोसायला कशाला जागा द्यायची' हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल! २०१७ ला महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरली गेली. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे तुला शिकवायला दूरच्या बेटावरचे पक्षी लागत नाहीत. आपल्या सरकीच्या रानात पंधरा वर्षांत ती डोळ्यांदेखत झाली.

आता परस्परसंबंध. स्पर्धा, सहजीवन, परजीविता यांची यादी तुझ्या वहीत असेलच. मी एकाच ताटाची गोष्ट सांगतो, ज्वारीच्या. तुझ्या आजीला विचार, तिनं टारफुला पाहिलेला असणार. ज्वारीच्या बुडाशी उगवणारं हे लहानसं रोप. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली त्याची मुळं ज्वारीच्या मुळात शिरलेली असतात. त्याचं बी धुळीसारखं बारीक आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पण ते वाटेल तेव्हा उगवत नाही. जवळ ज्वारीचं मूळ आल्याशिवाय ते जागंच होत नाही. त्याला कळतं कसं?

मातीत स्फुरद कमी पडलं की ज्वारीचं मूळ काही रसायनं बाहेर सोडतं. ती हाक असते मातीतल्या एका उपकारी बुरशीला. ही बुरशी मुळाशी जोडून घेते, आपल्या तंतूंनी लांबवरचं स्फुरद ओढून आणते आणि बदल्यात पिकाकडून साखर घेते. दोघांचंही भलं, हे सहजीवन. पण टारफुल्यानं ही हाक चोरून ऐकायला शिकून घेतलंय. बुरशीसाठी घातलेली साद ऐकून तो उठतो आणि मुळाला डसतो. एकाच निरोपावर एक मित्र येतो आणि एक चोर. ही बुरशीची बाजू शास्त्रज्ञांना २००५ मध्ये उमगली. गंमत म्हणजे या रसायनांपैकी पहिलं सापडलं १९६६ साली, तेही कापसाच्या मुळांतून. कापूस टारफुल्याला झोपेतून उठवतो पण त्याला पोसत नाही. बी उगवतं, धरायला लायक मूळ मिळत नाही, आणि मरून जातं. ज्वारीवर ज्वारी घेत गेलं तर टारफुला वाढतो आणि मधे कापूस घेतला तर कमी होतो, याचं एक कारण हे. आपल्या जुन्या माणसांनी फेरपालट सोडली नाही, ती उगीच नव्हे.

हे लिहिताना मला अजूनही अंगावर काटा येतो. चिमूटभर मातीत एवढे निरोप फिरत असतात आणि आपण तिला नुसती 'जमीन' म्हणतो.

परिसंस्था हा शब्द टॅन्सली नावाच्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली दिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की जिवांना त्यांच्या माती-पाणी-हवेपासून तोडून बघू नका, ते सगळं मिळून एक घडण आहे. या व्याख्येत जंगल कुठंच नाही. तुमचा बांध, विहिरीचा काठ, काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा, सगळं त्यात बसतं. त्या भेगांचंच बघ. वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, बी त्यांच्यात पडतं आणि पावसात भेगा मिटल्या की खाली गाडलं जातं. रान स्वतःच स्वतःला उलथंपालथं करतं, आणि तोवर विंचू, उंदीर त्याच भेगांत घर करून राहतात.

आणखी एक शब्द तुला छळत असणार, इंग्रजीत 'निश'. त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत प्रत्येक कोनाड्याचं काम ठरलेलं असायचं: एक दिव्याचा, एक देवाचा, एक हळदी-कुंकवाचा. एका बाभळीखाली तासभर बस. कोतवाल फांदीच्या टोकावरून उडून हवेतले किडे धरतो, सुतार खोडाच्या सालीत टोचतो, साळुंकी खाली गुरांच्या खुरांनी उठलेले नाकतोडे वेचते, आणि अंधार पडला की ढोलीतला पिंगळा बाहेर येतो. चौघंही किडे खातात, झाड एकच, पण कोनाडे वेगळे असल्यानं भांडण नाही. बाभूळ तोडली की एक झाड जातं असं आपण म्हणतो. जातात ते कोनाडे.

ऊर्जेचं थोडक्यात. लिंडमन या अमेरिकन अभ्यासकानं एका तळ्याचा हिशेब करून १९४२ मध्ये अन्नसाखळीतल्या ऊर्जेचं गणित मांडलं. तोंडी हिशेब असा धरतात की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोहोचतो, बाकीची ऊर्जा जगण्यात, हिंडण्यात, उष्णतेत जाते. म्हणून गवत पुष्कळ, काळवीट थोडे आणि लांडगे बोटावर मोजण्याइतके. लांडग्याच्या एका कुटुंबाला मोठा माळ लागतो, कारण त्याच्या वाट्याला गवताच्या उन्हाचा शंभरावा भाग येतो.

आता रानडुकरांकडं आणि रोह्यांकडं, म्हणजे नीलगायींकडं बघ. धारणक्षमता म्हणजे एखादा मुलूख किती जिवांना पोसू शकतो ती मर्यादा. ती ठरीव नसते. आपण उसाची सलग राने उभी केली, म्हणजे डुकराला बारा महिने सावली, ओल, आडोसा आणि गोड खाणं दिलं. हरभरा आणि सोयाबीन दिलं, जे माळावरच्या वाळल्या गवतापेक्षा कितीतरी कसदार. मर्यादा आपणच वर नेली, आणि वरून लांडगा मारला, त्याचा माळ मोडला. नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याचा राग मला समजतो, रात्र-रात्र जागलीवर काढलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण नुसत्या गोळीनं हे सुटत नाही, हे मी पाहिलंय. एक कळप उठवला तर दुसरा येऊन बसतो, कारण जेवणाचं ताट आणि आडोसा तसाच असतो. गिधाडांचं उलट झालं. खाणं मुबलक होतं, पण जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. गावाबाहेर टाकलेली मढी मग भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि हीच कुत्री आज माळावर लांडग्याशी स्पर्धा करतात.

माळाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं माझ्याच हातून चूक झाली. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या गायरानावर आम्ही चर खोदून गिरिपुष्प लावलं. माळ 'पडीक' आहे, तो हिरवा केला पाहिजे, ही माझी प्रामाणिक समजूत होती. झाडं जगली, फोटो निघाले. पाच-सहा वर्षांनी गेलो तेव्हा सावलीत पवन्या आणि मारवेल हे गवत विरळ झालं होतं. गिरिपुष्पाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांनी ती वाट सोडली होती. चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांची अंडी मातीच्या रंगाची असतात, आणि लांबून शत्रू दिसणं हेच त्यांचं संरक्षण. झाडी आली, कावळ्यांना बसायला फांद्या मिळाल्या, आणि ते पक्षी त्या माळावरून गेले. तिथं झाडाला अडवणारी गोष्ट होती मातीचा पातळ थर आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ. ती अडचण नव्हती, त्या अडचणीवरच तो सगळा गवताळ संसार उभा होता. आज कुणी मला गायरानावर वृक्षारोपणाला बोलावलं तर मी आधी गवत बघतो. झाडं ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, गावठाणात लावा. माळाला माळ राहू द्या.

आता तुझ्यासाठी काम. वही घे आणि घराजवळचा एक बांध निवड, वीस पावलांचा पुरे, ज्यावर एखादा कडुनिंब किंवा बाभूळ आहे. रोहिणीपासून पुढच्या रोहिणीपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच वेळी जा. काय फुललंय, कोण काय खातंय, मातीत ओल किती खोल आहे हे लिही. पानाच्या उजवीकडं एक रकाना मोकळा ठेव आणि वर लिही, 'याला थांबवतं कोण?' गाजरगवतापुढं तो रकाना बराच काळ रिकामा राहील. ते बाहेरून आलंय, गुरं खात नाहीत. पण पावसाळ्यात त्याच्या पानांवर पट्ट्यांचे भुंगेरे दिसले तर फवारू नको. ते मेक्सिकन भुंगेरे गाजरगवत खाण्यासाठीच १९८० च्या दशकात देशात आणलेले आहेत.

सुरुवात पहिल्या वळवानं नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसानं कर. त्या दिवशी अंधार पडताना आप्पांना आणि एक बॅटरी बरोबर घेऊन कडुनिंबाखाली उभी राहा. तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून झाडावर गोळा होताना दिसतील. हे हुमणीचे. भुंगेरा पाला खातो झाडावर, त्याची अळी मुळं खाते उसाची, सोयाबीनची, हळदीची, म्हणजे एकाच आयुष्यात दोन घरं. मातीतली अळी शोधणं अवघड. पण वर्षातले हे थोडे दिवस तो स्वतः वर येतो, दिवस उगवायच्या आत परत मातीत जातो आणि तिथं अंडी घालतो. म्हणून कडुनिंब तोडायचा नाही, त्याचाच सापळा करायचा. खाली जुनं कापड अंथरा, फांद्या काठीनं जोरात हलवा, पडलेले भुंगेरे मोजून वहीत लिही आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. सलग चार-पाच रात्री हे करा, आणि शेजारच्या बांधावरच्यांनाही बोलवा.